आलिशान इलेक्ट्रिक गाडी पारखायची कशी: इंदूरच्या पोर्चपासून धुळ्याच्या रस्त्यापर्यंत

शोरूममध्ये पाऊल ठेवलं की पहिल्या पाच मिनिटांत दोन आकडे कानावर पडतात: शून्य ते शंभर किती सेकंदांत आणि एका चार्जमध्ये किती किलोमीटर. दोन्ही आकडे खोटे नसतात, पण त्यांच्या जोरावर दीड-दोन कोटींची गाडी घेऊ नये. रोजचा अनुभव ठरवते ती फ्लोअरखाली पसरलेली सहाशे-सातशे किलोंची बॅटरी. मागच्या सीटवर मांडी टेकते की अधांतरी राहते, बेसमेंटच्या रॅम्पवर गाडीचं पोट घासतं का, टायर किती टिकतात, घाट चढताना चार्ज किती उतरतो, हे सगळं तिच्या वजनावर आणि जागेवर अवलंबून आहे. म्हणून ही गाडी खालून वर तपासायची. पेट्रोल गाड्या घेऊन घेऊन बॉनेटपासून सुरुवात करायची सवय जडलेली असते, ती इथे सोडा. मर्सिडीज ईक्यूएसचं बॉनेट तर मालकाने उघडायचंच नसतं; काचेचं पाणी भरायला बाजूच्या मडगार्डवर एक छोटं झाकण दिलेलं आहे.

आधी कागद, मग गाडी

ब्रोशरमध्ये बॅटरीची क्षमता पाहताना एक प्रश्न हटकून विचारा: हा आकडा एकूण क्षमतेचा की वापरता येणाऱ्या? कंपन्या थोडी क्षमता राखून ठेवतात, ती तुमच्या हाती कधीच येत नाही. ईक्यूएस ५८० मध्ये वापरायला १०७.८ युनिट मिळतात, बीएमडब्ल्यू आय७ एक्सड्राइव्ह६० मध्ये १०१.७. (किलोवॉट-तास म्हणजे आपल्या वीजबिलातलं युनिटच. तसंच मोजा, डोकं शांत राहतं.)

आता रेंज. ईक्यूएस ५८० भारतात २०२२ साली आली तेव्हा तिची प्रमाणित रेंज ८५७ किलोमीटर होती. ही भारतीय चाचणी प्रयोगशाळेत रोलरवर होते, तिच्यात वेग ९०च्या वर जात नाही आणि एसी बंद असतो. मे महिन्यात इंदूरजवळचं राऊ सोडून महामार्गाला लागलेल्या माणसाचा यातल्या एकाही अटीशी संबंध नाही. घरगुती सूत्र असं: वापरायची युनिट भागिले २२, गुणिले १००. मोठ्या सेडानला ताशी ९५-१०० वेगात, एसी लावून, तीन-चार माणसं बसवून १०० किलोमीटरला २० ते २२ युनिट लागतात असं धरा; उंच एसयूव्हीला २५. म्हणजे १०७.८ युनिटवर सुमारे ४९० किलोमीटर. त्यातही प्रवासात १० टक्क्यांच्या खाली कुणी जात नाही आणि रस्त्यावर ८०च्या वर कुणी भरत नाही. दोन चार्जिंगमधलं खरं अंतर साडेतीनशेच्या आतच राहतं.

सेडान आणि एसयूव्हीमध्ये हा फरक कुठून येतो ते समजून घेण्यासारखं आहे, कारण गाडीची सगळी रचना त्याभोवती फिरते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ईक्यूएसचा ड्रॅगचा आकडा ०.२०, आय७ चा ०.२४, उंच एसयूव्हीचा साधारण ०.२५ ते ०.२८, शिवाय समोरून तिचा आकारही मोठा. ताशी १०० वेगाला ईक्यूएसच्या घडणीची गाडी नुसती हवा कापायला १०० किलोमीटरमागे सुमारे ६ युनिट खर्च करते, एसयूव्ही १० च्या जवळ. वेग १२० वर नेला की हेच आकडे सुमारे ९ आणि १४ होतात. उतरतं छप्पर, आत बसणारे दरवाज्यांचे हँडल, झाकलेली चाकं, सपाट तळ, हे सगळं या चार-पाच युनिटांसाठी आहे. दिसायला कुणाला ती गुळगुळीत साबणवडी वाटते, आणि ती तक्रार चूकही नाही, पण तो आकार हवेने घडवलेला आहे.

पॉवरच्या आकड्यातही एक मेख असते. मोठ्या अक्षरात छापलेली पॉवर काही सेकंदांची कमाल असते. मोटरची ३० मिनिटं सलग देता येणारी पॉवर वेगळी मोजली जाते आणि ती बरीच कमी असते. रोजच्या वापरात फरक जाणवणार नाही. मात्र बॅटरी खूप तापली किंवा चार्ज खाली गेला की गाडी स्वतःहून पॉवर आवरती घेते. ते बिघाडाचं लक्षण नव्हे.

शून्य ते शंभरचं वेड असेल तर हे ध्यानात घ्या की अशी मोजमापं बंदिस्त ट्रॅकवरची असतात. आपल्या शेजारीच पीथमपूरला नॅट्रॅक्स या वाहन-चाचणी केंद्राचा ११.३ किलोमीटरचा अंडाकृती हायस्पीड ट्रॅक आहे, २०२१ मध्ये सुरू झालेला. त्याच्या कडेच्या वळणांना असा उतार दिलाय की ताशी २५० वेगातही गाडी बाहेर फेकली जात नाही. एबी रोडला (आग्रा-मुंबई महामार्गाला) तो उतार नाही, आणि तिथे गाई आहेत. तिथे तुम्हाला हवा असतो तो ६० ते १०० मधला जोर, ट्रक ओलांडताना लागणारा. तो या वर्गातल्या प्रत्येक गाडीत गरजेपेक्षा जास्तच आहे. म्हणून ४.३ सेकंद की ४.७, यावर घरात वाद घालू नका.

मागच्या सीटवर वीस मिनिटं

अशा गाडीत मालक बहुधा मागे बसतो, किंवा आई-बाबांना मागे बसवतो. तरी शोरूममध्ये सगळे स्टिअरिंगमागेच बसून बघतात. तुम्ही आधी मागे बसा, बूट घालून, पाठ टेकवून. बॅटरीमुळे फ्लोअर चार-पाच इंच वर आलेला असतो. सीट तितकी वर उचलली नसेल तर गुडघे वर येतात आणि मांडीखाली पोकळी राहते. मांडी आणि सीटच्या मधे सपाट हात घालून बघा. गुडघ्यापासून वीतभर आत हात सहज सरकला तर तासाभरात कंबर बोलू लागेल. पुढची सीट खाली उतरवून तिच्याखाली पायाचा पंजा जातो का तेही बघा. पोर्शे टायकानमध्ये यासाठीच बॅटरीच्या मांडणीत मागच्या पायांपाशी खोलगट जागा सोडली आहे. ज्येष्ठांना एकदा चढायला-उतरायला लावा. उंबरठा रुंद असतो आणि साडीत तो जास्तच रुंद वाटतो.

काचेचं छप्पर दिसायला झकास, पण त्याला पडदा आहे का ते विचारा. इंदुरात मे महिन्यात पारा ४०च्या वर असताना काळ्या काचेखाली डोकं तापतं आणि एसीला जास्त राबावं लागतं. मागच्या सीटला हवा खेळती ठेवणारे पंखे आहेत की फक्त पुढच्या, हेही तिथल्या तिथे बटण दाबून बघा. ब्रोशरमध्ये नुसतं 'सीट व्हेंटिलेशन' लिहिलेलं असतं.

रॅम्प मोजा

हे काम टेपने करायचं, अंदाजाने नाही. या गाड्यांचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, ३.२ मीटरच्या घरात असतो (ईक्यूएस ३२१० मिमी, आय७ ३२१५). पोट जमिनीपासून १३० मिमी वर असेल तर सपाट जागेवरून उतार सुरू होतो त्या कडेवर सुमारे ९ अंशांपर्यंतच फरक चालतो. १:८ चा रॅम्प म्हणजे ७ अंश, सामान भरलेलं असलं तरी बहुधा निभतं. १:६ म्हणजे साडेनऊ अंश, तिथे घासणार. एअर सस्पेन्शनने गाडी २०-२५ मिमी उचलली तर ११ अंशांपर्यंत मुभा मिळते. तेव्हा सोसायटीच्या रॅम्पची उंची आणि आडवी लांबी मोजून भागाकार करा. वरच्या कडेला सिमेंटची गोलाई केली तर वाईट रॅम्पही सुधारतो. गवंड्याचं एका दिवसाचं काम.

बॅटरीच्या खाली जाड संरक्षक पत्रा असतो, एखाद्या घासण्याने काही होत नाही. पण दणका बसून तो आत दबला तर सर्व्हिस सेंटर लिफ्टवर घेऊन तपासल्याशिवाय हमी देत नाही. गाडी उचलायची उंची जागेनुसार लक्षात ठेवणारी सोय असेल तर घरचा रॅम्प आणि कॉलनीतला तो एक राक्षसी स्पीडब्रेकर, दोन्ही तिच्यात नोंदवून टाका.

टेस्ट ड्राइव्ह

शोरूमभोवतीची दहा मिनिटांची चक्कर नाकारा. गाडी ४० ते ७० टक्के चार्जवर मागा, कारण बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर रीजेन (मोटरनेच गाडी आवरून ती ऊर्जा बॅटरीत परत भरणं) जवळपास बंद असतो आणि ब्रेकचा खरा अंदाज येत नाही.

आधी सुपर कॉरिडॉरवर जा. सरळ, रुंद रस्ता. तिथे वेगमर्यादेत राहून रीजेनच्या सगळ्या पायऱ्या एकेक करून लावून बघा. मागे बसलेल्याची मान पुढे झुकते का त्याला विचारा. जोरदार रीजेनवर चालवणाऱ्याला मजा येते, मागच्याला मळमळतं. मग ब्रेक पेडल हळू दाबत गाडी पूर्ण थांबवा. मोटरचा ब्रेक संपून डिस्कचा ब्रेक लागतो तो सांधा, ताशी १० च्या आसपास, पायाला कळायला नको. कळला तर रोज प्रत्येक सिग्नलला कळेल.

नंतर बायपासला सर्व्हिस रोडचा खराब तुकडा शोधा. अडीच टनांवरची गाडी आणि २१ इंची चाकं, या जोडीत मोठे उंचवटे मऊ जातात पण छोटे, तीक्ष्ण सांधे खाडखाड कळतात. शक्य असेल तर तेच मॉडेल १९ किंवा २० इंची चाकांवर चालवा. इंदूरच्या रस्त्यांना लहान चाकंच योग्य, त्यात रेंजही थोडी वाढते. फोटोत जरा कमी रुबाबदार दिसतं, इतकंच.

शेवटी राजवाड्याकडच्या एखाद्या गल्लीत वळवून बघा. मागची चाकं वळणारी गाडी इथे पैसे वसूल करते: १० अंशांपर्यंत वळणाऱ्या मागच्या चाकांमुळे सव्वापाच मीटरची ईक्यूएस १०.९ मीटरच्या वर्तुळात फिरते. मात्र भिंतीलगत उभी केलेली गाडी काढताना मागचा कोपरा भिंतीकडे झुकतो. ती सवय व्हायला आठवडा जातो.

घरचं चार्जिंग, म्हणजे वायरमनचं काम

नवख्यांच्या अडचणी गाडीत कमी आणि भिंतीत जास्त निघतात. गाडी बुक केल्याच्या दिवशीच हे काम सुरू करा, डिलिव्हरीच्या नाही.

तीन पर्याय असतात. साधा १५ अँपिअरचा सॉकेट सुमारे ३.३ किलोवॉट देतो. १०० युनिटच्या बॅटरीला तो तीस तासांहून जास्त घेतो, फक्त अडचणीला ठीक. सिंगल फेजवर ३२ अँपिअरचा चार्जर ७.४ किलोवॉट देतो. थ्री फेजवर १६ अँपिअरचा ११ किलोवॉट. लोकांना ११ चा आकडा जड वाटतो, पण वायरसाठी तोच हलका: प्रत्येक फेजमधून १६ अँपिअरच जातात, ७.४ वाल्यात मात्र एकाच वायरमधून ३२, तेही नऊ-दहा तास सलग. एमसीबी (जादा वीज गेली की पडणारा स्विच) जळण्याचा धोका याच ३२ अँपिअरवर जास्त. थ्री फेज मिळत असेल तर तेच घ्या. २० ते ८० टक्के भरायला ११ किलोवॉटवर साधारण साडेसहा तास लागतात, रात्रीत होऊन जातं.

काम सुरू करताना चार गोष्टी बघा. पहिलं, मंजूर लोड. बिलावर ५ किलोवॉट लिहिलं असेल तर ११चा चार्जर आणि दोन एसी एकत्र चालणार नाहीत. पश्चिम क्षेत्र विद्युत वितरण कंपनीकडे (लोकांच्या तोंडी अजून एमपीईबीच) लोड वाढवायचा अर्ज करा. फ्लॅट असेल तर पार्किंगमध्ये चार्जर लावायला सोसायटीची लेखी परवानगी आणि आपल्याच मीटरवरून वेगळी लाइन, हे दोन्ही आधी मिळवा.

दुसरं, वायर. सिंगल फेज ३२ अँपिअरला तांब्याची ६ चौरस मिमी, अंतर वीस मीटरच्या वर गेलं तर १०. थ्री फेज ११ किलोवॉटला पाच कोअरची ४ चालते, पण ६ टाका. पुढे २२ किलोवॉटचा चार्जर आला तर भिंत फोडावी लागणार नाही. मीटरपासून चार्जरपर्यंत मधे एकही जोड नको. टोकांना लग (धातूच्या टोप्या) दाबून बसवलेले हवेत, नुसती वायर पिळून स्क्रूखाली घातलेली चालणार नाही. ३२ अँपिअरला ४० चा एमसीबी, १६ ला २० चा चार पोल.

तिसरं, आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती झाली की लाइन तोडणारा स्विच. दुकानात सहसा मिळतो तो 'टाइप एसी' (फक्त एसी विजेची गळती ओळखणारा), आणि तो इथे उपयोगाचा नाही. गाडीतून डीसी गळती झाली तर तो आंधळा होतो आणि खरी गळती आल्यावर पडतच नाही. चार्जरमध्ये ६ मिलिअँपिअर डीसी ओळखण्याची सोय असेल तर बाहेर ३० मिलिअँपिअरचा ए प्रकार पुरतो, नसेल तर बी प्रकार घ्यावा लागतो. बी महाग असतो. वायरमन म्हणेल 'काही फरक पडत नाही'. पडतो.

चौथं, अर्थिंग. माळव्याची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळून इलेक्ट्रोडपासून सुटते. नोव्हेंबरमध्ये उत्तम मोजलेलं अर्थिंग मे महिन्यात बिघडतं, चार्जर लाल दिवा दाखवतो, आणि लोक गाडीला दोष देतात. अर्थिंग ५ ओहमच्या आत हवं, न्यूट्रल आणि अर्थमधला दाब दोन-तीन व्होल्टच्या वर नको. खड्ड्याला पाणी घालायचा पाइप ठेवा आणि उन्हाळ्यात आठवड्याला बादलीभर पाणी घाला. शक्यतो चार्जरला घराच्या अर्थिंगपासून वेगळा खड्डा द्या.

काम झाल्यावर पूर्ण लोडवर तासभर चार्ज करा. मग चार्जिंग थांबवून, मेन बंद करून, वायरमनकडून एमसीबीची टोकं तपासून घ्या. कोमट असणं साहजिक आहे; हात ठेववत नसेल किंवा प्लास्टिकचा रंग बदलला असेल तर जोड ढिला आहे.

रोज ८० टक्क्यांपर्यंतच भरा, शंभर फक्त प्रवासाच्या पहाटे. निघायच्या वीस मिनिटं आधी, चार्जिंगची गन लावलेली असतानाच, मोबाइलवरून एसी चालू करा म्हणजे तापलेली केबिन घरच्या विजेवर थंड होते. शहरात याचा फायदा महामार्गापेक्षा कितीतरी जास्त. एसी तासाला २ युनिट खात असेल आणि संध्याकाळच्या गर्दीत गाडी ताशी २०ने सरकत असेल तर १०० किलोमीटरला १० युनिट नुसत्या गारव्याची झाली. महामार्गावर तोच एसी २ युनिटांत भागतो.

पहिला लांबचा प्रवास: घाट आणि धुळे

इंदूरच्या मराठी घरांचा लांबचा रस्ता ठरलेला: मानपूर, घाट उतरून धामनोद, खलघाटला नर्मदा, सेंधवा, बिजासन, शिरपूर, धुळे. पुढे नाशिक-मुंबई किंवा पुणे. धुळ्यापर्यंत सुमारे २६० किलोमीटर, म्हणजे २२च्या हिशेबाने ५७ युनिट. शंभर युनिटची गाडी भरून निघाली तर धुळ्याला ४० टक्क्यांच्या आसपास शिल्लक हवी. कागदावर नाशिकही एका दमात जमतं. जमवू नका, वळसा, पाऊस, समोरचा वारा, यातल्या एकानेही हिशेब मोडतो.

माळव्याच्या पठारावरून नर्मदेच्या खोऱ्यात उतरताना सुमारे चारशे मीटर उंची जाते. पावणेतीन टनांच्या गाडीसाठी ही ३ युनिट ऊर्जा आहे. उतरताना रीजेनमधून दोनेक युनिट परत येतात, परतीला चढताना साडेतीनच्या जवळ जातात. घाट म्हणजे रेंज संपली, ही भीती त्यामुळे फुकाची; ताशी १०० ऐवजी १२० ने तासभर गेलात तर त्याहून जास्त खर्च होतो. उतरताना रीजेन कमाल पायरीवर ठेवा, डिस्क थंड राहतात. फक्त घाटाच्या माथ्यावर फास्ट चार्जरने ९५ टक्के भरून उतरू नका. बॅटरीत जागा नसेल तर रीजेन मिळत नाही आणि सगळं वजन डिस्कवर येतं.

चार्जिंग स्टेशन निवडताना पाटीवरचा किलोवॉटचा आकडा पुरेसा नाही. ६० किलोवॉटच्या मशीनला दोन गन असतील आणि शेजारी दुसरी गाडी लागली असेल तर तुमच्या वाट्याला बहुधा ३० येतात: ७० युनिट भरायला सव्वा तासाऐवजी अडीच. तुमची गाडी २०० किलोवॉट घेऊ शकते, हे मशीनला कळून उपयोग नाही. आठशे व्होल्टच्या गाडीला जुन्या, कमी व्होल्टच्या मशीनवर किती वेग मिळतो हे खरेदीआधी विचारा. काही मॉडेलमध्ये तो अनपेक्षित कमी असतो. स्टेशनवर १०-२० टक्क्यांवर पोहोचा, ८० ला निघा, त्यापुढे वेग घसरतो. स्टेशनचं ठिकाण मोबाइलवर न लावता गाडीच्याच नकाशात लावा, म्हणजे गाडी पोहोचण्याआधी बॅटरी योग्य तापमानाला आणते. आणि प्रत्येक थांब्याला एक पर्यायी स्टेशन हेरून ठेवा. दोन वेगळ्या कंपन्यांची ॲप घरूनच, पैसे भरून, तयार ठेवा. सेंधव्यात ओटीपीची वाट बघत बसू नये.

टायर, ब्रेक आणि मेलेली छोटी बॅटरी

टायर घेताना त्याच लोड-रेटिंगचे घ्या. साधे स्वस्त टायर हे वजन पेलत नाहीत. अनेकांत आतून फोमचा थर असतो. पंक्चरवाल्याला आधी सांगा, नाहीतर तो पट्टी ठोकून फोम फाडतो आणि चाक थरथरू लागतं. बऱ्याच गाड्यांत स्टेपनी नसते. हवा दरवाज्याच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे, थंड टायरमध्ये, दर पंधरा दिवसांनी. रीजेनमुळे ब्रेक फारसे वापरले जात नाहीत आणि पावसाळ्यात डिस्क गंजतात; आठवड्यातून एकदा मोकळ्या रस्त्यावर चार-सहा वेळा पेडल दाबून ब्रेक लावा.

मोठी बॅटरी भरलेली असली तरी १२ व्होल्टची छोटी बॅटरी बसली तर गाडी उघडतही नाही, आणि आत घुसलेले हँडल बाहेर येत नाहीत. म्हणून डिलिव्हरीच्या दिवशी फुलांचा हार आणि फोटो आटोपले की सर्व्हिसच्या माणसाकडून चार गोष्टी करून घ्या: किल्लीतली धातूची पाती काढून तिने दार उघडणं, १२ व्होल्टला बाहेरून वीज द्यायची जागा, अडकलेली चार्जिंग गन हाताने सोडवायची दोरी, आणि टो हुक बंपरच्या कुठल्या झाकणामागे लागतो. त्याने नुसतं सांगू नये, तुमच्या हाताने करवून घ्यावं. बंद पडलेली गाडी फक्त फ्लॅटबेडवर न्यायची, चाकं जमिनीवर ठेवून ओढायची नाही. ड्रायव्हरलाही हे सांगून ठेवा, कारण रात्री मानपूरजवळ मदतीला येणारा ट्रॅक्टरवाला दोरखंड घेऊनच येतो.